परत बोलावण्याचा अधिकार

तैवानच्या काओशुंग शहराने 6 जून 2020 रोजी आपले महापौर हान कुओ-यु यांना घरी पाठवले. 2018 मध्ये त्यांना सुमारे 8 लाख 92 हजार मते मिळाली होती. हटवण्याच्या बाजूने 9 लाख 39 हजार पडली. महापौरपदावर बसून काही महिने होतात न होतात तोच ते राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचाराला लागले, हा शहराचा राग होता आणि तो रास्त होता.

तिथे असे मतदान घ्यायला आधी एक टक्का, मग दहा टक्के मतदारांच्या सह्या लागतात. मतदानातही हटवण्याच्या बाजूची मते विरोधापेक्षा जास्त आणि एकूण मतदारांच्या किमान पाव हिस्सा असावी लागतात. या सह्या स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहून गोळा करतात. ही चाळणी हवीच. 2025 मध्ये विरोधी क्वोमिंतांग पक्षाच्या 31 खासदारांविरुद्ध मतदान झाले आणि एकही हटला नाही. त्याच काळात सत्ताधारी खासदारांविरुद्धच्या अर्जांवर मृतांच्या नावे सह्या सापडल्या, खटले भरले गेले. गैरकारभाराऐवजी पक्षीय सूड हा हेतू झाला, की मतदार तो ओळखतो.

आपल्याकडे जयप्रकाश नारायण यांनी 1974 च्या आंदोलनात हाच अधिकार मागितला होता. आमदार-खासदारांबाबत तो आजही आपल्याला नाही. मोठ्या मतदारसंघांचे कारण नेहमी पुढे केले जाते. मग निदान नगरसेवकापासून, प्रभागापासून सुरुवात करायला राज्य सरकारला काय अडचण आहे?