शिक्का पुसला, संशय उरला
जन्मावरून माणसास गुन्हेगार ठरविण्याची १८७१ साली सुरू झालेली कायदेशीर रीत ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपली. तथापि गावात चोरी झाली की संशयाचे बोट अजून प्रथम पारध्यांच्या पालाकडेच वळते. शिधापत्रिका मागावी तर रहिवासाचा पुरावा हवा. ज्यास कोणतेही गाव टिकू देत नाही, त्याने तो आणावा कोठून? दुष्काळात धान्य वाटून परतणारी शहरी भूतदया (तिचे मोल आम्ही नाकारीत नाही) येथे अपुरी पडते. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलिसांस बजावले आहे. सरकारने आता पालावर जाऊन दाखले द्यावेत, आणि नुसत्या जातीवरून उचलून नेलेल्या प्रत्येक माणसाबद्दल संबंधित ठाण्यास जाब विचारावा, अशी आमची मागणी आहे.