मॅडम, क्युसेक म्हणजे काय?

गेल्या फेब्रुवारीत सोलापूर जिल्ह्यात सीना नदीकाठच्या एका शाळेत इंग्रजी निबंधस्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होता ‘पर्यावरण वाचवा’. रात्री गठ्ठा घेऊन बसलो आणि पाच-सहा निबंध झाल्यावर लक्षात आलं, की आपण एकच निबंध पुन्हा पुन्हा वाचतो आहोत. ट्रीज आर अवर फ्रेंड्ज. पोल्युशन इज अ बिग प्रॉब्लेम. वुई शुड सेव्ह वॉटर. ध्रुवावरचं बर्फ वितळतंय, पांढरी अस्वलं संकटात आहेत. अक्षर मोत्यासारखं, स्पेलिंग बिनचूक. सीनेचं नाव मात्र एकाही निबंधात नव्हतं. माळढोकाचंही नव्हतं. नान्नजचं माळरान याच सोलापूर जिल्ह्यात आहे आणि तो पक्षी तिथून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

ती रात्र त्यानंतर मनातून गेली नाही.

सप्टेंबरात सीना गावांत शिरली. उभा ऊस आडवा झाला, सोयाबीन कुजलं, कित्येक शेतांतली मातीच वाहून गेली. त्या दिवसांत टीव्हीवर आणि मोबाइलवर एकच शब्द ऐकू येत होता, क्युसेक. इतके हजार क्युसेक सोडले, आणखी इतके सोडणार. पाणी ओसरून ती शाळा उघडली तेव्हा इंग्रजीच्या तासाला एका मुलानं विचारलं, “मॅडम, क्युसेक म्हणजे काय?” मॅडमनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर लिहिलं : क्युबिक फूट पर सेकंद. एक घनफूट म्हणजे साधारण 28 लिटर. दर सेकंदाला दोन घागरी पाणी, हा एक क्युसेक. मुलं गुणाकार करायला लागली आणि मग बोलायला लागली. कुणाची शेळी वाहून गेली होती, कुणाची वह्या-पुस्तकं. गाळाला सिल्ट म्हणतात, विसर्गाला डिस्चार्ज, हे शब्द त्या दिवशी कुणाला पाठ करावे लागले नाहीत. मॅडम मला फोनवर म्हणाल्या, “सर, माझ्या तासाला पोरं इतकी कधीच बोलली नव्हती.”

2025 मध्ये आपण भाषेवरून पुष्कळ भांडलो. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय आला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. तो लढा आवश्यकच होता आणि हा दिवाळी अंक त्यात मराठीच्या बाजूनं उभा होता. पण कोणती भाषा कितवीपासून, याच्यापुढे आपली चर्चा जात नाही. त्या भाषेच्या तासाला मूल बोलणार कशाबद्दल, हे कुणी विचारत नाही. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणण्याचा निर्णय रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली अमलात आला. त्याला पंचवीस वर्षं झाली. पंचवीस वर्षांत मुलांना वाक्यं आली. त्या वाक्यांत त्यांचं गाव आलं नाही.

पर्यावरण शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 1991 सालीच सांगितलं आहे. परिसर अभ्यासाचं पुस्तक आहे, प्रकल्पवह्या आहेत. मग इंग्रजीच्या तासात ते कशाला, असं अनेक शिक्षक विचारतात. आधीच पोर्शन पुरा होत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे, ती मी हलकी मानत नाही. पण हा नवा धडा नव्हेच. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत पत्र लिहायचं असतं, बातमी लिहायची असते, तक्त्यातली माहिती वाक्यांत मांडायची असते. तो तक्ता आपल्या महसूल मंडळातल्या पावसाचा का नसावा? ते पत्र ओढ्यात कचरा टाकण्याविरुद्ध ग्रामपंचायतीला का नसावं? ‘वळीव’ला इंग्रजीत काय म्हणायचं, झड आणि संततधार यांतला फरक ड्रिझल आणि शॉवर या शब्दांत मावतो का, यावर अर्धा तास वाद झाला तर त्यात दोन्ही भाषा शिकून होतील.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या दृष्टीनं तीच सर्वांत मोठी. पर्यावरणाचे निर्णय या देशात बहुतांशी इंग्रजीतून होतात. 2020 मध्ये केंद्र सरकारनं पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत काढला. त्यावर हरकती मागवल्या होत्या, पण ज्यांच्या डोंगरात खाण निघणार त्यांनी तो मसुदा वाचायचा कसा? दिल्ली उच्च न्यायालयाला तो आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांत आणा, असं सांगावं लागलं. असे कागद मराठीत मिळालेच पाहिजेत, ही मागणी आपण सोडायची नाही. पण तोवर नदीकाठच्या मुलीला तो इंग्रजी कागद वाचता आला पाहिजे आणि त्यावर हरकत लिहिता आली पाहिजे. ‘सेव्ह वॉटर’ शंभर वेळा लिहून ते येणार नाही.

18 जून 2025 रोजी सोलापुरात निसर्गलेखक मारुती चितमपल्ली गेले. इंग्रजीतल्या रूकरीला, म्हणजे कावळ्यांच्या वसाहतीला, त्यांनी काकागार म्हटलं, बगळ्यांच्या हेरनरीला सारंगागार. रानातल्या माणसांकडून ऐकलेले शब्द त्यांच्यापाशी होते, म्हणून परका शब्द समोर आला तेव्हा त्यांना तो आपला करता आला. ज्याला दारातल्या झाडाचं मराठी नावच ठाऊक नाही, तो इंग्रजी नाव घेऊन काय करणार?

यंदाच्या अंकाचा विषय ‘उंबरठा’. तो मे महिन्यात ठरला, तेव्हा उंबरठ्याच्या आत पाणी येईल, हे मनातही नव्हतं. कथा-कवितांत वाचकांना उंबरठ्याची इतर अनेक रूपं भेटतील.

आपल्या वाचकांत शिक्षक खूप आहेत; दरवर्षी तुमची पत्रं येतात. त्यांना एक विनंती. सुट्टी संपून शाळा उघडेल, तेव्हा इंग्रजीच्या पहिल्या तासाला मुलांना वर्गाबाहेर न्या. पाणी कुठपर्यंत आलं होतं, किंवा तुमच्याकडे विहिरीनं तळ कधी गाठला, ते त्यांना इंग्रजीत सांगू द्या. व्याकरणाच्या चुका त्या दिवशी मोजू नका. त्यांनी लिहिलेलं आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळी अंकात त्यासाठी आम्ही पानं राखून ठेवली आहेत.