नीटचे जुने गुण आणि मागील बाकी

वर्षअखेरीस वही बंद करताना, मग ती पूर्वीप्रमाणे दिवाळीला असो वा आताच्या रिवाजाप्रमाणे ३१ मार्चला, व्यापारी खात्यांचे दोन भाग पाडतो. विक्री, खर्च, दलाली, वटाव ही खाती नफातोट्यात जाऊन संपतात आणि नव्या वहीत त्यांचे पान कोरे उघडते. येणे, देणे, कर्ज व गोदामातील माल मात्र मागील बाकी म्हणून पहिल्याच पानावर उतरतात. एमबीबीएसच्या प्रवेशासाठी दिलेल्या परीक्षेचे गुण पुढे एमडी-एमएसच्या वेळी यांपैकी कोणत्या भागात धरायचे, हा प्रश्न अलीकडे बऱ्याच व्यापारी घरांत निघतो. बहुतेकांचा हिशेब येथे चुकतो.

एखाद्या भुसार व्यापाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. कन्येला नीट-यूजीमध्ये ७२० पैकी ४४० गुण मिळाले, शासकीय जागा हुकली आणि वडिलांनी कर्ज काढून तिला अभिमत विद्यापीठाच्या महाविद्यालयात घातले. आता तिची इंटर्नशिप चालू आहे आणि तिला रेडिओलॉजी हवे आहे. रात्री जेवताना ती विचारते, "पप्पा, पीजीच्या वेळी माझे ४४० पुन्हा निघतील का?" पप्पांना उत्तर ठाऊक नसते. पाच वर्षे घरात तो आकडा कोणी मोठ्याने उच्चारलेला नसतो, म्हणून ते पानावर नजर ठेवून जेवत राहतात.

तिच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की ते गुण निघत नाहीत. नीट-पीजी ही राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाची स्वतंत्र परीक्षा आहे. तिच्यात २०० प्रश्न आणि ८०० गुण असतात, बरोबर उत्तराला ४ मिळतात आणि चुकीला १ वजा होतो. एमडी, एमएस वा डीएनबीची जागा या परीक्षेच्या गुणक्रमाने ठरते. मुलाखत नसते, त्यामुळे जुना आकडा विचारायला कोणी समोर बसलेलेही नसते. अभिमत विद्यापीठांच्या भरमसाट शुल्काच्या जागांनाही हाच गुणक्रम लागतो. एम्स, चंडीगडचे पीजीआय, पुद्दुचेरीचे जिपमर आणि बंगळूरचे निम्हान्स यांच्यासाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिच्या निवडीतही नीट-यूजीच्या गुणांना जागा नाही. समुपदेशनात एमबीबीएसच्या गुणपत्रिका, इंटर्नशिपचे प्रमाणपत्र आणि वैद्यकीय परिषदेची नोंदणी तपासतात. नीट-यूजी एकदा दिली की तीनदा, हेही तेथे कोणी पाहत नाही.

तो आकडा पुढे नेण्याच्या योग्यतेचाही नाही. २०२४ साली नीट-यूजीच्या पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण पडले. न्यायालयीन वादानंतर निकाल सुधारला तेव्हा असे १७ जण उरले. पुढच्याच वर्षी प्रश्नपत्रिका अवघड निघाली आणि देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण मिळाले. म्हणजे एका वर्षाच्या ६५० ला दुसऱ्या वर्षाच्या ६५० शी ताडता येत नाही. तरीही काही घरांत लग्नाच्या बायोडेटात नीटचे गुण लिहिण्याची प्रथा पडू लागली आहे. ज्या वजनमापाचा काटा दरवर्षी बदलतो, त्यावर तोललेला माल कोणता व्यापारी घेईल?

तर गुण नफातोट्याच्या भागात गेले आणि संपले. पण त्या गुणांनी जे विकत घेतले, ते संपत नाही. महाविद्यालय, त्याचे राज्य आणि कर्ज या तीन रकमा पहिल्या पानावर उतरतात.

महाविद्यालयाची बाकी अशी. ज्या रुग्णालयात खाटा भरलेल्या असतात, तेथे विद्यार्थ्याच्या हाताखालून रुग्ण जातात. ज्या रुग्णालयात निम्म्या खाटा तपासणीच्या दिवशीच भरतात, तेथला विद्यार्थी पुस्तकावरच अवलंबून राहतो, आणि नीट-पीजीचे प्रश्न तर रुग्णाची हकिगत सांगून निदान विचारतात. प्रवेश घेताना इमारत व वसतिगृह पाहणारे पालक ओपीडीची रांग मोजत नाहीत. ती मोजायला हवी होती.

राज्याची बाकी अलीकडे जास्त जड झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी पीजीच्या राज्य कोट्यातील केवळ रहिवासाच्या आधाराचे आरक्षण घटनाबाह्य ठरविले. मात्र ज्या संस्थांतून एमबीबीएस केले त्यांच्या विद्यार्थ्यांना वाजवी मर्यादेत प्राधान्य देण्यास वाव ठेवला. तेव्हा एमबीबीएस कोठे झाले याला, आजोळ-पणजोळ कोठे आहे यापेक्षा, अधिक किंमत आली. परराज्यात जागा मिळाली म्हणून आनंदाने गेलेल्या मुलाने त्या राज्याचे आणि आपल्या राज्याचे पीजीचे नियम दोन्ही वाचून ठेवावेत.

याच घरातील काकांचे कुटुंब न्यू जर्सीत आहे आणि चुलतबहिणीने तेथे एमसीएटी ही परीक्षा दिली. तिचे गुण ४७२ ते ५२८ यांच्या दरम्यान येतात आणि मध्य ५०० धरला जातो. तिकडचे निवासी प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, मार्च महिन्यातील 'मॅच'ने ठरते. त्या निवडीत एमसीएटीला स्थान नसते. पाहतात ते यूएसएमएलईचे निकाल, महाविद्यालयाचे मूल्यमापनपत्र, शिफारसपत्रे व मुलाखत. २६ जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असा लागतो, त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या गुणांचे वजन वाढले. पण मागील बाकी तेथेही आहे. एमसीएटीत कमी गुण पडले म्हणून एमडीऐवजी डीओची पदवी देणाऱ्या महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याला २०२० पासून त्याच एकत्रित व्यवस्थेत जागा मागता येते, तरी काही कठीण शाखांचे विभाग एमडीकडे झुकतात. आकडा विसरला गेला, पण त्याने उघडलेले दार लक्षात राहिले. भारतातून तिकडे जाऊ इच्छिणाऱ्यालाही नीटचे गुण कोणी विचारत नाही. त्याला यूएसएमएलईच द्यावी लागते.

एका ठिकाणी मात्र जुना निकाल खरोखरच लागतो. रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स अशा देशांत एमबीबीएसला समकक्ष शिक्षण घेऊन परतणाऱ्याने जाण्यापूर्वी नीट-यूजी उत्तीर्ण केलेली असणे २०१८ च्या नियमांपासून आवश्यक आहे. त्याखेरीज एफएमजीई ही पात्रता परीक्षा देता येत नाही, आणि तिच्यात ३०० पैकी १५० गुण मिळाल्यावाचून येथे नोंदणी नाही. किती गुण होते हे तेथेही महत्त्वाचे नाही, उत्तीर्ण होता की नाही एवढेच. दलालाच्या सांगण्यावरून "नीट नंतर पाहू" म्हणत मुलाला विमानात बसविणाऱ्या पालकांची फसगत येथेच होते.

तिसरी बाकी कर्जाची, आणि व्यापारी घराला हीच सर्वांत लवकर कळायला हवी. समजा, त्या कन्येसाठी दरवर्षी १० लाख याप्रमाणे पाच हप्त्यांत ५० लाख उचलले आणि व्याज १० टक्के सरळ धरले. अभ्यासक्रमाची साडेपाच वर्षे आणि पुढचे एक वर्ष परतफेडीला सवलत असते. त्या साडेसहा वर्षांत साचलेले व्याजच २२ लाख ५० हजार होते. देणे झाले ७२ लाख ५० हजार. पंधरा वर्षांची मुदत व तोच दर धरला तर मासिक हप्ता सुमारे ७८ हजार येतो. आणि तो सुरू कधी होतो? मुलगी पीजीच्या पहिल्या वर्षात रात्रपाळ्या करीत असते तेव्हा. निवासी डॉक्टरच्या विद्यावेतनातून असा हप्ता देऊन वर राहणे-जेवणे भागविणे कठीण असते. पीजीसाठी एक वर्ष थांबायचे ठरविले तर हप्ता थांबत नाही. हव्या शाखेसाठी पुन्हा परीक्षा द्यावी की मिळेल ती शाखा घ्यावी, हा निर्णय मग मुलीच्या आवडीपेक्षा बँकेच्या तारखेवर ठरतो. ४४० गुणांनी खरे नुकसान केले असेल तर ते येथे.

यावर उपाय नाही असे नाही. शिकत असतानाच व्याज भरत गेल्यास ते साचत नाही, आणि अशा खात्यांना काही बँका दरात थोडी सूटही देतात. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यास व्याजाची वजावट व्याज भरू लागल्याच्या पहिल्या वर्षापासून एकूण आठ वर्षे मिळते. नव्या करपद्धतीत ती नाही. उच्च शिक्षणाला प्रवेश मिळाल्यास सवलतीचा काळ वाढवून मागता येतो, पण तो अर्ज प्रवेशाच्या कागदांसह, पहिला हप्ता थकण्यापूर्वी द्यावा लागतो. थकल्यानंतर दिलेल्या अर्जाकडे शाखाधिकारी वेगळ्या नजरेने पाहतो.

त्या घरातील पप्पांनी म्हणून कन्येला दोन गोष्टी सांगाव्यात. ४४० चा आकडा कोणी विचारणार नाही, तो मनातून काढून टाकावा. आणि कर्जखात्याचा उतारा आजवर केवळ त्यांच्याच कपाटात होता, तो आता दोघांनी मिळून वाचावा. इंटर्नशिप संपायला चार-सहा महिने आहेत, तेवढा वेळ पुरेसा आहे.