गाडीच्या मागच्या भागातला माणूस

२२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी पाचोऱ्याजवळ, परधाडे स्थानकाच्या परिसरात पुष्पक एक्स्प्रेस थांबली. आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, घाबरलेले प्रवासी रुळांवर उतरले आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जण गेले. जखमींना पाचोऱ्याला आणि जळगावला हलवलं. अफवा कोणी पसरवली, वळणामुळे येणारी गाडी दिसली नाही का, यावर पुढे पुष्कळ बोललं गेलं आणि ते बोलायलाच हवं होतं. मला मात्र तेव्हापासून वेगळाच प्रश्न पडला आहे. अशा जागी जो पहिला पोचतो त्याला काय काय यावं लागतं, आणि ते शिकलेली माणसं आपल्या तालुक्यात किती आहेत?

सगळ्यात अवघड गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत असते. दहा-वीस माणसं विव्हळत पडलेली असतात आणि ओरडणाऱ्याकडे धावावं असं कोणालाही वाटतं. इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनला, म्हणजे ईएमटीला, याच्या उलट शिकवलेलं असतं. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, हे त्याच्या ओरडण्यातूनच कळतं. आधी गप्प पडलेल्याकडे जायचं. श्वास चालतोय का, नाडी लागते का, सांगितलेलं समजतंय का, एवढं पाहायचं आणि प्रत्येकाला रंगाची पट्टी लावायची. लाल म्हणजे आत्ताच न्यायचा, पिवळा थोडा थांबू शकतो, हिरवा चालू शकतो. काळी म्हणजे आता वाचवता येणार नाही; ती पट्टी लावून पुढच्या माणसाकडे वळायचं, हे वीस-बावीस वर्षांच्या मुलाला सरावाशिवाय जमणारच नाही.

रोजच्या पाळीत रेल्वे अपघात नसतात. आपल्याकडे काय असतं, ते कोणीही सांगेल. पावसाळ्यात वावरात साप चावलेला माणूस, कपाशीवर फवारताना विषबाधा झालेला मजूर, एप्रिल-मेच्या उन्हात कोसळलेले म्हातारबाबा, जळगाव-चाळीसगाव रस्त्यावर दुचाकीवरून पडलेली पोरं, कळा सुरू झालेली बाई. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटून किमान १५ मजूर दगावले होते. शेतीमालावर बसून घरी जाणारी माणसं आपण सगळेच रोज पाहतो.

सापाचंच उदाहरण घेऊ. मण्यार चावलेल्याला लस सुरू करून व्हेंटिलेटरच्या सोयीसाठी जळगावला हलवायचं ठरलं, तर पाचोरा ते जळगाव सुमारे पन्नास किलोमीटर. त्या तासाभरात गाडीच्या मागच्या भागात नुसतं बसून राहणारा आणि काम जाणणारा, यांत जीवनमरणाचा फरक आहे. जाणणारा पेशंटच्या पापण्या बघतो, त्या जड होताहेत का. त्याला मान उचलायला सांगतो. एका श्वासात किती आकडे म्हणता येतात ते मोजायला लावतो. मघाशी पंचवीसपर्यंत जाणारा माणूस आता बारावर अडखळला, तर श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत हे त्याला तिथेच कळतं. मग तो हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग हाताशी घेतो, सक्शन तपासतो, पुढे सिव्हिलला फोन करून ‘व्हेंटिलेटर तयार ठेवा’ सांगतो. चावलेल्या जागी घट्ट दोरी आवळलेली असते, ती कशी आणि कधी सोडायची हेही त्याला माहीत असतं. यासाठी गाडीत मोठं यंत्र लागत नाही. शिकलेली नजर लागते.

बाकी काम दिसतं त्याहून अंगमेहनतीचं आहे. पाळी सुरू होताना सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती आहे ते पाहायचं, बॅटऱ्या, औषधांच्या तारखा, प्रसूतीचं किट तपासायचं. मानेला पट्टा लावून, डोकं-पाठ-कंबर एका रेषेत ठेवून जखमीला लाकडी ओंडक्यासारखं एकदम वळवून बोर्डवर घ्यायचं. हृदय थांबलं तर छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटीमीटर खोल दाबायची. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून दाबणारा बदलायचा. फवारणीच्या विषात बुडालेले कपडे आधी उतरवायचे, तेही हातमोजे घालून, कारण ते विष कातडीतूनही आत जातं. आणि हे सगळं भोवती जमलेल्या नातेवाइकांच्या रडण्यात, कधी संतापात, करायचं.

मग महाराष्ट्रात हे काम करतं कोण? आपली १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यातल्या २३३ प्रगत जीवरक्षक, ७०४ प्राथमिक. आपल्या राज्याने तेव्हा वेगळा निर्णय घेतला, की गाडीत डॉक्टरच असेल. यातले बरेच डॉक्टर बीएएमएस झालेले आहेत. त्याआधी २००५ मध्ये हैदराबादेतून सुरू झालेली आणि २००७ मध्ये शेजारच्या गुजरातेत आलेली १०८ दुसऱ्या वाटेने गेली. तिथे डॉक्टर नियंत्रण कक्षात फोनवर असतो आणि गाडीत ईएमटी.

आपला निर्णय चांगल्या हेतूने झाला आणि या डॉक्टरांनी आजवर असंख्य जीव वाचवले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण साडेपाच वर्षं शिकलेल्या तरुण डॉक्टरला कधीतरी स्वतःचा दवाखाना टाकायचा असतो, पुढे शिकायचं असतं. रुग्णवाहिका हा त्याच्या वाटेवरचा मुक्काम ठरतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. ज्याला आयुष्यभर हेच काम करायचं आहे, रोज करून त्यात तरबेज व्हायचं आहे, अशा माणसाची जागाच आपण तयार केली नाही. गाडीत ईएमटीला जागा नाही, म्हणून चांगला अभ्यासक्रम जवळ नाही. अभ्यासक्रम नाही म्हणून माणसं नाहीत. आणि माणसं नाहीत म्हणून पुन्हा जागा नाही.

अशी माणसं घडवता येतात, याचं एक जुनं उदाहरण आहे. अमेरिकेत पिट्सबर्ग शहरात १९६७ मध्ये फ्रीडम हाउस ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. सीपीआरची पद्धत घडवणाऱ्यांपैकी एक, डॉ. पीटर साफर, यांनी तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना सुमारे ३०० तास शिकवलं. कॉलेजचं तोंडही न पाहिलेली मुलं त्यांत होती. आधी पोलिसांच्या गाडीतून, बरोबर कोणी जाणकार नसताना जखमींना नेलं जायचं. या मुलांनी गाडीतच उपचार सुरू केले. आज जगभर पॅरामेडिक म्हणून जे काम ओळखलं जातं, त्याच्या पायाभरणीत ती मुलं आहेत. त्यांना शिकवणारा वाघासारखा डॉक्टर त्यांच्या पाठीशी उभा होता, ही यातली मोठी गोष्ट.

आपल्याकडे बारावी सायन्स करून घरी बसलेली, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारी मुलं-मुली गावोगाव आहेत. यांतल्या कितीतरी जणांचा पिंड या कामाचा आहे. मुलींनी तर आवर्जून यावं. रस्त्यात बाळंत होणाऱ्या बाईला गाडीत बाईमाणूस असल्याचा केवढा आधार वाटतो!

त्यांनी एक कायदा मात्र नीट समजून घ्यावा. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग आणला आणि त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, आहे. या कायद्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकाचं शिक्षण किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत विभागलेलं हवं. बारावीनंतर बेसिक ईएमटीचा कौशल्य अभ्यासक्रम आहे आणि सुरुवात म्हणून तो उपयोगाचाही आहे. पण तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर ‘पॅरामेडिक व्हा’ असा फलक कोणी लावला असेल, तर तिथे फी भरू नका.

जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे पॅरामेडिकचा पदविका अभ्यासक्रम सुरू व्हावा आणि पाचोरा, भडगाव, चाळीसगावच्या मुलांचा सराव तालुक्याच्या रुग्णालयांत आणि १०८ च्या गाड्यांवर व्हावा, अशी माझी मागणी आहे. त्याचबरोबर १०८ च्या पुढच्या करारात ईएमटीचं पद नावानिशी, ठरलेल्या वेतनश्रेणीसह असावं आणि पाच-सात वर्षांनी वरच्या पदावर जायची वाट असावी. ठेकेदार बदलला की नोकरीचा भरवसा नाही, अशा कामात घरचे मुलांना घालणार नाहीत, आणि त्यांचं चूक नाही.

तोवर जे प्रवेशाच्या चौकशीला जात आहेत, त्यांनी संस्थेत दोनच गोष्टी विचाराव्यात. कॅज्युअल्टीत आणि चालत्या रुग्णवाहिकेत किती तास काम करायला मिळेल, आणि ते कोणत्या रुग्णालयात, हे लेखी द्याल का? उत्तरात नुसता वातानुकूलित वर्ग दाखवला, तर तिथून सरळ दुसरीकडे चौकशीला जावं.