इंजिन आपलं, किल्ली दुसऱ्याची

माझ्या पुतण्यानं तीन वर्षांमागं जुन्या चारशेसातचं इंजिन उतरवलं आणि अपघातात गेलेल्या एका नव्या गाडीचं कॉमन रेल इंजिन भंगारातून आणून तिच्यात बसवलं. मी नको म्हटलं. "काका, जमाना कुठीसा गेला अन् तुमी अजून पान्यातच हा," असं म्हणून त्यानं मला गप्प केलं. मी गप्प बसलो, ही माझी चूक. आता गावातली आणखी पोरं तेच करायला निघाली आहेत, म्हणून बोलतो.

आधी त्याची बाजू. इंजिन जोरदार निघालं. लिटरमागं दोन किलोमीटर जास्त मिळाले, काळा धूर बंद झाला. धूर आपल्याच लेकरांच्या छातीत जातो, हे मलाही कळते. मी नव्याचा वैरी नाही.

पण आपण काय आणलं ते तर पाहा. जुन्या डिझेल इंजिनातही नोझल असतेच. तिथं पंप डिझेल रेटतो आणि दोनेकशे बारच्या दाबावर नोझल आपोआप उघडते. कॉमन रेलमध्ये हजार-सोळाशे बारच्या दाबानं डिझेल एका नळीत भरलेलं असते आणि केव्हा किती सोडायचं ते संगणकाची पेटी ठरवते. म्हणून नुसतं इंजिन उचलून आणता येत नाही. पेटी, वायरिंग, सेन्सर, पॅडल, पाणी वेगळं करणारं फिल्टर, अशी सारी वरात संगं येते. ती एका गाडीसाठी बनलेली असते आणि आपण ती कापून, टेप गुंडाळून दुसऱ्या गाडीत कोंबतो. वर आपलं डिझेल शेतातल्या कॅनमधून, धुळीच्या चाडीतून टाकीत जाणार. जुना पंप थोडंफार पाणी-कचरा सोसून घेत होता. हा सोसत नाही.

फेब्रुवारीत मृगबहाराचा संत्रा भरून गाडी चांदूर बाजारहून अमरावतीला निघाली. वलगावच्या अलीकडे दिवा लागला आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं चालू लागली. पॅडल दाबा की दाबू नका, सारखंच. रोडवरच्या मिस्त्रीनं उभा जन्म डिझेल पंप खोलण्यात घातला. त्यानं इंजिन पाहिलं अन् हात जोडले. "भाऊ, हवा काढाची असती तं आत्ता काढून देल्ली असती. याले कॉम्प्युटर लागते." स्कॅनरवाला दुसऱ्या दिवशी दुपारी आला. पॅडलच्या वायरीचा एक जोड टेपखाली गंजला होता. पाच रुपयांचं काम! तोवर ढिगाखालचा संत्रा गरम होऊन नरमला होता. व्यापाऱ्यानं भाव पाडला आणि पुतण्या मान खाली घालून पैसे मोजत बसला.

याच गाडीची ॲक्सिलेटरची तार एकदा रात्री तुटली होती. तवा ड्रायव्हरनं सुतळी बांधली, क्लिनरनं ती हातानं ओढली आणि गाडी घरी आली.

पोरं म्हणतात, एका वायरीवरून कायले एवढं बोलता? बोलतो, कारण हे मी कपाशीत पाहिलं आहे. माझा बाप घरची सरकी राखून पेरायचा. मग संकरित आलं, 2002 साली बीटी आलं. अळी कमी झाली, आम्ही खूश झालो. घरची सरकी केव्हा मोडली ते ध्यानातही राहिलं नाही. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली तवा मागं फिरायला वाटच नव्हती. पुढच्या जूनमध्ये आम्ही पुन्हा पाकिटासाठी कृषी केंद्राच्या दारात उभे. पुतण्यानंही जुनं इंजिन किलोच्या भावानं विकून टाकलं. आता परतायचं म्हटलं तरी कशावर परतणार?

कायद्याचंही ऐका. आरसी बुकात इंजिन नंबर लिहिलेला असतो. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि 2019 साली सुप्रीम कोर्टानंही तेच बजावलं. मंजुरीवाचून असं इंजिन बसवलं आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी आधी काय तपासेल? ज्यानं इंजिन बसवून दिलं तो तवा तुमच्या संगं कोर्टात उभा राहणार नाही.

मग जुनंच कवटाळून बसायचं काय? तसं होणारही नाही. 1 एप्रिल 2020 पासून नवी गाडी बीएस-सहाचीच आहे. 50 हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांनाही जानेवारी 2023 पासून कडक नियम लागले, आणि तिथंही कॉमन रेल आलं. म्हणजे ही पेटी आज ना उद्या आपल्या दारात येणारच. म्हणूनच माझं भांडण पेटीशी नाही. तिचं कुलूप गावात उघडत नाही, याच्याशी आहे. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं आणि वाहनं दोन्ही आहेत. चांगलं झालं. पण रात्री वलगावपाशी बंद पडलेल्या गाडीला पोर्टल काय कामाचं? वायरिंगचा नकाशा मराठीत द्या, स्कॅनर मिस्त्रीच्या ऐपतीत आणा, तालुक्याच्या आयटीआयत आमच्या पोरांना तो हाती धरून शिकवा. हे मागायला आपण तोंड उघडत नाही, आणि भंगारातलं इंजिन आणायला मात्र रातोरात पैसे उभे करतो.

तोवर लेकहो, जुन्या गाडीचं इंजिन उतरवू नका. पंप कॅलिब्रेशनला न्या, नोझल तपासा, एअर फिल्टर झाडा, लोड मापात भरा. धूरही कमी होईल, डिझेलही वाचेल. आणि रात्री-बेरात्री गाडी थांबली, तर रोडवरचा मिस्त्री हात जोडणार नाही, पाना घेऊन येईल.