आधी मोजलं, मग सल्ला दिला

‘एमबीएची पोरं कंपन्यांना काय सल्ला देणार?’ हा आधीच्या एका पत्रलेखकांचा सवाल मला पटला नाही. मिशिगन विद्यापीठाच्या रॉस स्कूलमध्ये १९९२पासून पहिल्या वर्षाचे विद्यार्थी सात आठवडे खऱ्या कंपनीच्या खऱ्या अडचणीवर काम करतात, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली. शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीत असेच एमबीएचे चार विद्यार्थी आले तेव्हा मीही साशंक होतो. त्यांनी आधी सल्ला दिलाच नाही. आठ दिवस रात्रपाळीत उभं राहून ब्लोहोलमुळे, म्हणजे आत राहिलेल्या वायूच्या पोकळीमुळे, रिजेक्ट झालेली कास्टिंग मोजली. त्यामागचं कारण, साच्याच्या वाळूत पाणी जास्त होतंय, हे आमच्या मोल्डरला ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. मात्र प्राध्यापक फिरकलेच नाहीत, तर ही पोरं बिनपगारी राबतात, हे पत्रलेखकांचं म्हणणं खरं आहे. कॉलेजांनी कंपनीशी आधी लेखी करार करावा आणि अहवाल कामगारांसमोरही वाचावा.

– एक लघुउद्योजक, कोल्हापूर