संख्यांचा सहवास

कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरील हातकणंगले स्थानकात गाडीची वाट पाहणाऱ्या बहुतेकांना तो वेळ व्यर्थ गेला असे वाटते. परंतु ज्याच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा आणि मनात जिज्ञासा आहे, त्याची अशी घटका कधीच रिकामी जात नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे असेच जिज्ञासू गृहस्थ होते. मुंबईजवळच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर त्यांना काही विशिष्ट संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली. म्हणून त्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले.

त्यांपैकी एक संख्या पाहावी: १२३४५६७८९८७६५४३२१. ही संख्या सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यांतील ‘मध्य’ या सतराव्या स्थानी हिचा पहिला अंक येतो. परार्ध अवघे एक पाऊल दूर राहतो. पण हिचा थोरपणा आकारात नसून गुणांत आहे. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती तीच राहते. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा ती वर्ग आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने तिला निःशेष भागही जातो.

हा वर्ग असा डौलदार का यावा? गुणाकार मांडला, की एकांच्या नऊ ओळी प्रत्येकी एकेक घर सरकून एकाखाली एक येतात. पहिल्या स्तंभाची बेरीज एक, दुसऱ्याची दोन, मधल्याची नऊ आणि तेथून पुन्हा उतरत एक. कोठेही हातचा येत नाही, म्हणून क्रम अभंग राहतो. एकऐवजी दहा एक घेतले तर? छे, नऊऐवजी दहा एक घेतले, की मधली बेरीज दहा होते, हातचा शिरतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डौल मोडला! जो केवळ नवल करतो, तो या दहाव्या पायरीवर फसतो. जो कारण शोधतो, त्याला ती पायरी आधीच दिसते.

अशा खेळाचा उपयोग काय, असे पुष्कळजण विचारतात. कापरेकरांचे संशोधनही काहींनी क्षुल्लक मानले. ते १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीच्या शाळेत शिकवीत राहिले आणि संख्यांचा सहवास त्यांनी सोडला नाही. १९७५ साली अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कार्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती दूरवर पसरली.

गणित हे केवळ परीक्षेचे ओझे मानणे, हा त्या विद्येवर अन्याय आहे. कापरेकरांना ना प्रयोगशाळा लागली, ना भांडवल. कागद, पेन्सिल आणि ‘असे का?’ हा प्रश्न एवढीच त्यांची सामग्री होती. ती हातकणंगले येथील कोणत्याही मुलाला गाडी येईपर्यंतही पुरेल.